दाद मागणं आणि दाद देणं

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. अंकासाठी थोडा नीटनेटका केला आहे, पण बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



मसाला दुधाचा वास दरवळत असताना जो माणूस माईक हातात घेतो, त्याच्याबद्दल श्रोत्यांच्या मनात काय भावना असतात याची मला पूर्ण कल्पना आहे. मी स्वतः अनेक वर्षं तिकडे, मागच्या रांगेत बसून त्या भावना बाळगल्या आहेत. त्यामुळे अध्यक्षांनी दिलेली वीस मिनिटं मी काटेकोरपणे पाळणार आहे.

आधी एक खुलासा. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'संगीतकार' असं छापलंय. ते वाचून माझ्या बायकोला ठसका लागला. मी संगीतकार नाही. पोटापाण्यासाठी मी गेली सत्तावीस वर्षं कनाटात टेलिकॉमच्या कंपन्यांत नोकऱ्या केल्या. लहानपणी पेटी शिकलो, तीही मधेच सोडली. पण मला चाली सुचतात. चांगल्या की वाईट हा पुढचा प्रश्न, पण सुचतात. गाडी चालवताना, स्नो उपसताना, मीटिंगमध्ये. आणि २०१६ साली मला शोध लागला की या गावात अशा व्याधीची आणखी माणसं आहेत.

आम्ही सहा-सात जण आहोत. एक दातांचे डॉक्टर, एक शाळेत शिकवणाऱ्या बाई, दोन सॉफ्टवेअरवाले, एक सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले ज्येष्ठ स्नेही, मी, आणि मधूनमधून एखादा विद्यार्थी. महिन्यातून एका शनिवारी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमायचं. प्रत्येकानं आपली नवी चाल आणायची, ऐकवायची, आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. नंतर खिचडी-कढी. खिचडीबद्दल आमच्यात कधीच मतभेद झाले नाहीत. मतभेद झाले ते 'त्यावर बोलायचं' या दोन शब्दांवरून. आज मी तुम्हाला तेवढंच सांगणार आहे.

तुम्ही म्हणाल, यात काय अवघड आहे? गाणं आवडलं तर 'वा' म्हणायचं, नाही आवडलं तर खिचडीकडे वळायचं.

आपल्या मंडळात गणपतीला, दिवाळीला, गुढीपाडव्याला गाण्याचे कार्यक्रम होतात. नव्व्याण्णव टक्के गाणी जुनी असतात, आणि त्यात काही गैर नाही. त्या गाण्यांवरच आपण मोठे झालो. पण जुनं गाणं ऐकताना आपल्या प्रत्येकाच्या डोक्यात मूळ रेकॉर्ड वाजत असते. गाणारा तिच्या किती जवळ गेला, हे आपण मोजतो. नव्या गाण्याला अशी मोजपट्टी नसते. ते कसं 'असायला हवं' हे कुणालाच ठाऊक नाही, ज्यानं केलं त्यालासुद्धा नाही. त्यामुळे नवं गाणं ऐकलं की आपण गोंधळतो. मग दोनच वाक्यं तोंडातून बाहेर पडतात. एक, "छान आहे." दुसरं, "कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय." आमच्या गटाची पहिली सहा-सात वर्षं या दोन वाक्यांनी खाल्ली.

दुसऱ्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण तो गुन्हा माझ्या हातून झाला.

साधारण २०१८ची गोष्ट. जानेवारी महिना, बाहेर उणे पंचवीस. अशा दिवशी तबला गाडीतून घरात आणला की तासभर नुसता ठेवून द्यावा लागतो, हे इथल्या तबलजींना सांगायला नको. त्यात फर्नेसच्या कोरड्या हवेनं पुडी ताणली जाते आणि स्वर चढून बसतो. आमचे डॉक्टर हातोडी घेऊन तबल्याशी झटत होते. तेवढ्या वेळात तिथे आलेल्या एका मुलानं, पीएचडीचा विद्यार्थी होता, आपला छोटा कीबोर्ड मांडला आणि स्वतःची चाल ऐकवली. शब्दही त्याचेच. भूपातली चाल होती. लाजरा मुलगा, डोळे मिटून गायला.

गाणं संपलं आणि मी म्हणालो, "अरे, ही तर उचललेली आहे! निदान गाडीची नंबरप्लेट तरी बदलायचीस!"

सगळे हसले. तोही हसला. कीबोर्ड पिशवीत घातला, खिचडी खाल्ली, सर्वांना नमस्कार करून गेला. पुढच्या महिन्यात आला नाही. त्याच्या पुढच्याही. मग कळलं, तो शिक्षण संपवून दुसऱ्या शहरात गेला.

आता यातला खरा भाग ऐका. त्या रात्री घरी येऊन मी ते 'मूळ' गाणं शोधायला बसलो. कॅसेटी काढल्या, सीड्या काढल्या, इंटरनेट पालथं घातलं. सापडलं नाही. कारण असं गाणंच नव्हतं. भूपाचे स्वर पाच: सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही. 'ग रे सा' म्हणत खालच्या धैवताला स्पर्श करून परत षड्जावर यायचं, ही त्या रागाची चालण्याची पद्धतच आहे. भूपातल्या कुठल्याही दोन गाण्यांत ती सापडणार. एका गावच्या दोन माणसांची बोलण्याची ढब सारखी असते, म्हणून त्यांनी एकमेकांचं वाक्य चोरलं असं होत नाही. मी ऐकला होता राग, आणि आरोप केला होता चोरीचा. आणि तो चारचौघांत, विनोद करून.

गंमत म्हणजे आपल्या परंपरेत चाल दुसरीकडून घेणं हा गुन्हा कधीच नव्हता. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' पुण्यात रंगमंचावर आलं. जुन्या संगीत नाटकांची छापील पुस्तकं कुणी पाहिली असतील तर आठवेल, पदाच्या डोक्यावर कंसात 'चाल' असं लिहून कुठल्या गाण्यावरून ती घेतली ते दिलेलं असायचं. कधी साकी, कधी दिंडी, कधी लावणी, कधी एखादी हिंदुस्थानी चीज. घेतलं तर सांगून टाकायचं, विषय संपला. पुढे १९११च्या 'मानापमान'ला गोविंदराव टेंबे आणि १९१६च्या 'स्वयंवर'ला भास्करबुवा बखले यांच्यासारखी माणसं चाली द्यायला आली, त्यांनीही रागदारीतल्या बंदिशींचा उघड आधार घेतला. नाट्यसंगीताचा हा सगळा डोलारा 'ऐकल्यासारखं वाटतंय' या पायावरच उभा आहे! मला हे सगळं माहीत होतं. पण माहीत असणं आणि ऐन वेळी जीभ आवरणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मी त्या मुलाला फोन करायला हवा होता. केला नाही. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता राहून गेला.

बरं, या प्रकारानंतर आमच्या गटात काय झालं? आम्ही सगळे घाबरलो. उगाच कुणाला दुखवायला नको म्हणून आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. पहिल्या वाक्यावर. "छान आहे."

पुढे करोना आला आणि आमच्या भेटी झूमवर गेल्या. तुमच्यातल्या ज्यांनी झूमवर आरती करून पाहिली त्यांना ठाऊक असेल, आवाज पोचायला जो क्षणभराचा उशीर होतो, त्यानं एकत्र गाणं अशक्य होतं. पेटी तिकडे, तबला इकडे, सम कुठेच नाही. मग आम्ही आपापली गाणी रेकॉर्ड करून एकमेकांना पाठवू लागलो. आणि अभिप्राय? हात जोडलेले, गुलाबाचं फूल, अंगठा. चार मिनिटांचं गाणं पाठवलं की दीड मिनिटात अंगठा यायचा! म्हणजे गाणं अर्धंसुद्धा ऐकलेलं नसायचं. तरी आम्ही खूश. दोन वर्षं आम्ही एकमेकांना अशी फुलं वाहिली. सगळ्यांची सगळी गाणी छान. आणि खरं सांगू? त्या दोन वर्षांतलं एकही गाणं आज आमच्यापैकी कुणाच्या लक्षात नाही.

आता ज्या संध्याकाळमुळे मी हे भाषण करतोय तिच्याकडे येतो.

२०२२-२३चा हिवाळा. त्या वर्षी रिडो कालव्यावर पुरेसा बर्फ धरलाच नाही, आणि १९७०-७१पासून चालत आलेलं आपलं स्केटिंग पहिल्यांदाच संपूर्ण हिवाळा बंद राहिलं, आठवतंय ना? आम्ही पुन्हा बेसमेंटमध्ये जमायला लागलो होतो. आमचे ज्येष्ठ स्नेही बऱ्याच महिन्यांनी आले. मधल्या काळात वहिनी गेल्या होत्या. स्वयंपाकघर आवरताना त्यांना वहिनींची पाककृतींची वही सापडली. अनारशांच्या प्रमाणाखाली, पेन्सिलीनं, चार ओळींची एक कविता होती. तिला त्यांनी चाल लावली होती. त्यांच्या परवानगीनं एक ओळ सांगतो:

अंगणात बर्फ पडे, मनात प्राजक्त.

त्यांनी पेटी ओढली आणि गायला लागले. दादरा होता. आवाज थरथरत होता. गाणं संपलं तेव्हा आमच्यापैकी कुणाचेच डोळे कोरडे नव्हते. शिक्षिकाबाईंनी डोळ्याला पदर लावला. डॉक्टर म्हणाले, "वा!" मी म्हणालो, "काय चाल लागली आहे हो! अप्रतिम!"

ते बराच वेळ गप्प बसले. मग शांतपणे म्हणाले, "तुम्ही माझ्या दुःखाला दाद दिलीत. त्याबद्दल आभार. पण गाण्याला कुणीच दिली नाही. दुसऱ्या अर्ध्यात ही चाल अडखळते, हे मला कळतंय. का अडखळते ते कळत नाही. ते कळावं म्हणून तर एवढ्या थंडीत गाडी काढून आलो."

मंडळी, आम्हाला काय बोलावं सुचेना. कारण ते म्हणत होते ते खरं होतं. चाल अडखळत होती. आमच्यातल्या प्रत्येकाला ते जाणवलं होतं. आणि आम्ही सहा जणांनी मिळून, प्रेमापोटी, त्यांना एकटं पाडलं होतं.

त्या रात्री माझ्या डोक्यात 'दाद' हा शब्द घोळत राहिला. आपण मैफलीत दाद देतो. पण आपणच कोर्टात दाद मागतोसुद्धा! दादफिर्याद म्हणतो. कुणी ऐकलं नाही तर 'त्यानं दाद दिली नाही' म्हणतो. शब्द एकच. तो फारसीतून आला, आणि तिथे त्याचा अर्थ आहे न्याय. म्हणजे दाद देणं म्हणजे स्तुती करणं नव्हे, न्याय करणं. आमचे स्नेही गाणं घेऊन आले तेव्हा ते दाद मागायला आले होते, आणि आम्ही त्यांना सांत्वनाचा चहा पाजून परत पाठवलं होतं.

मग आम्ही ठरवलं, हे नीट शिकायचं. इंजिनिअरांचा गट, त्यामुळे लगेच शोधाशोध! आधी आपल्या घरात पाहिलं. केशवराव भोळे आठवले. 'आंधळ्यांची शाळा' या १९३३च्या नाटकाला आणि प्रभातच्या 'संत तुकाराम', 'कुंकू' या चित्रपटांना संगीत देणारा हा माणूस, 'एकलव्य' या टोपणनावानं संगीतावर टीकालेखनही करायचा. म्हणजे चाल करणारा आणि चाल पारखणारा एकाच देहात नांदू शकतो. दुसरे यशवंत देव. 'शब्दप्रधान गायकी' हे त्यांच्या पुस्तकाचं नावच अर्धा धडा आहे. भावगीतात चाल शब्दांचा अर्थ पोचवते की अडवते, हे आधी पाहायचं. आणि तिसरं 'गीतरामायण'. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक नवं गीत, गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल, अशी छप्पन्न गीतं. मी विचार केला, आठवड्याला एक गाणं श्रोत्यांपुढे ठेवायचं म्हणजे 'आवडलं-नावडलं'च्या गप्पांना वेळच नाही. कुठला शब्द कुठल्या स्वरावर बसतो, एवढंच बोलायला सवड मिळणार.

मग बाहेर पाहिलं. १९१८ साली व्हिएन्नात शोनबर्ग नावाच्या संगीतकारानं एक खाजगी मंडळ काढलं होतं. तिथे नवी संगीतरचना ऐकवायची, पण टाळ्या वाजवायला बंदी! नापसंती दाखवायलाही बंदी. वर्तमानपत्रांच्या टीकाकारांना प्रवेश नाही. आणि अवघड रचना एकदा ऐकवून थांबायचं नाही, पुन्हापुन्हा ऐकवायची. आम्हाला हे वाचून हसू आलं. 'वा, क्या बात है' शिवाय आपला घास गिळत नाही! पण विचार केला तर त्यात तथ्य आहे. टाळी वाजली की निकाल लागतो आणि विचार थांबतो.

दुसरी पद्धत अमेरिकेतली. लिझ लर्मन नावाच्या नृत्यदिग्दर्शिकेनं १९९०च्या सुमारास बसवलेली. तिच्यात चार पायऱ्या आहेत. पहिली, पाहणाऱ्यांनी सांगायचं की त्यांना काय भिडलं, काय लक्षात राहिलं. दुसरी, कलाकारानं स्वतः प्रश्न विचारायचे. तिसरी, पाहणाऱ्यांनी कलाकाराला प्रश्न विचारायचे, पण प्रश्नात मत लपवायचं नाही. आणि चौथी, मत द्यायचं असेल तर आधी परवानगी मागायची. "अमुकबद्दल माझं एक मत आहे, सांगू का?" समोरचा 'नको' म्हणू शकतो.

यातली तिसरी पायरी मराठी माणसाला सगळ्यात जड जाते, हे मी अनुभवानं सांगतो. "तुम्ही हा अंतरा इतका कंटाळवाणा का केलात?" हा आमच्या लेखी प्रश्न असतो! त्याऐवजी "अंतऱ्यात ऐकणाऱ्याला काय वाटावं असं तुमच्या मनात होतं?" असं विचारायला आम्हाला सहा महिने लागले.

आम्ही या सगळ्याची आमटी केली, आपली फोडणी दिली. आमच्या बेसमेंटचा कायदा आता असा आहे. गाणं दोनदा ऐकायचं. पहिल्यांदा नुसतं, दुसऱ्यांदा शब्द कागदावर समोर ठेवून. मधे कुणी 'वा' म्हणायचं नाही. मग प्रत्येकानं फक्त काय ऐकू आलं ते सांगायचं, विशेषण न वापरता. मग ज्याचं गाणं त्यानं विचारायचं. मग आम्ही विचारायचं. मत शेवटी, आणि परवानगीनं. शिवाय संगीत नाटकांचा मान राखून एक नियम आमचा स्वतःचा: कागदाच्या वर कंसात 'चाल' लिहायची. राग माहीत असेल तर राग, एखाद्या गाण्याची सावली पडली आहे असं स्वतःला वाटत असेल तर त्या गाण्याचं नाव. आपणच लिहून टाकलं की 'ऐकल्यासारखं वाटतंय'मधला डंख निघून जातो.

पुढच्या महिन्यात आम्ही आमच्या ज्येष्ठ स्नेह्यांना विनंती केली, ते गाणं पुन्हा आणाल का? ते आले. दोनदा गायले. आम्ही दातओठ दाबून 'वा' आवरलं. मग काय ऐकू आलं ते सांगायची पाळी आली. शिक्षिकाबाई बिचकत म्हणाल्या, "मला ते नातीचं गाणं वाटलं. तुमची टोरांटोची नात डोळ्यासमोर आली."

"नात? नात कुठून आली?"

कागद पाहिला आणि उलगडा झाला. 'मनात प्राजक्त' मधल्या 'म'वर त्यांनी तीन मात्रांची मींड घेतली होती. तिथे त्यांचा दम संपायचा, ते श्वास घ्यायचे, आणि समेवर ठणठणीत यायचं 'नात प्राजक्त'! मागच्या महिन्यात आमच्यातले दोघं नातीच्याच आठवणीनं रडले होते, हे तेव्हा बाहेर आलं.

एक क्षण शांतता. आणि मग ते हसले. पोट धरून हसले. वहिनी गेल्यानंतर आम्ही त्यांना असं हसताना पहिल्यांदा पाहिलं. म्हणाले, "ती असती तर पहिल्या दिवशीच म्हणाली असती, अहो, माझा शब्द मोडलात!"

मग काम सुरू झालं. 'म' हा लघु, त्याच्या अंगावर एवढं ओझं टाकायचंच कशाला? ती मींड उचलून 'प्राजक्त'च्या 'प्रा'वर नेली. 'प्रा' गुरू आहे, तो ताण सोसतो, आणि अर्थानंही रेंगाळायचं ते प्राजक्तावर. श्वास 'पडे' नंतर घेतला. 'मनात' अखंड राहिलं. एवढ्याशा बदलानं चाल अडखळायची थांबली. पुढे त्यांनी विचारलं, "अंतऱ्यावरून मुखड्यावर येताना धडपडल्यासारखं होतं का?" होत होतं. अंतरा वरच्या षड्जावर संपायचा आणि मुखडा खालच्या पंचमावर सुरू व्हायचा. मधे पायरीच नाही. ज्याला वादक मंडळी क्रॉस लाईन म्हणतात, ती परत घेऊन येणारी ओळ, तिला सावकाश उतरवायला हवं होतं. त्यावर दोन तास गेले. खिचडी गार झाली.

शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "एक मत आहे, सांगू का?" "सांगा." "शब्द बाईचे आहेत. काळी दोनमध्ये तुम्ही गाता ते तुमच्या गळ्याला बरोबर आहे. पण हे बाईच्या गळ्यातून ऐकावंसं वाटतं." ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "हे मात्र नको. हे मीच गाणार." डॉक्टर म्हणाले, "बरं." आणि विषय तिथेच संपला. परवानगीचा नियम कशासाठी आहे, ते मला त्या दिवशी समजलं. दुरुस्त करता येणारी चूक आणि माणसाची स्वतःची निवड, या दोन गोष्टी बाहेरून अगदी सारख्या दिसू शकतात. विचारल्याशिवाय कळत नाही.

हा कायदा केला म्हणून आम्ही सगळे खळेकाका झालो, असं समजू नका. वर्षाला पंधरा-वीस चाली होतात, त्यातल्या दोन-तीन पुन्हा ऐकाव्याशा वाटतात. बाकीच्या प्रामाणिकपणे सामान्य असतात. फरक एवढाच पडला की आता त्या सामान्य का आहेत, ते ज्याचं त्याला कळतं, आणि तरीही तो पुढच्या महिन्यात येतो. माझ्या हिशोबी हे काही थोडं नाही.

घरातही याचा उपयोग झाला. माझी मुलगी इथेच जन्मली. ती खोलीत लॅपटॉपवर स्वतःचं संगीत करते. त्यात शब्द इंग्रजी, ताल कुठला ते देव जाणे, सम मी अजून शोधतोय. इतकी वर्षं ती काही ऐकवायची आणि मी म्हणायचो, "छान आहे, पण जरा रागदारी शिक." एकदा ती म्हणाली, "बाबा, तू बेसमेंटमध्ये सगळ्यांचं दोनदा ऐकतोस. माझं एकदा तरी पूर्ण ऐक." ऐकलं. नियमाप्रमाणे, विशेषणं न वापरता, काय ऐकू आलं ते सांगितलं. म्हटलं, "मला रिकाम्या बसमध्ये बसल्यासारखं वाटलं. रात्रीची वेळ." ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "ते गाणं रात्रीच्या बसवरच आहे." लेकीशी इतकं खरं बोलणं मी कित्येक वर्षांत केलं नव्हतं. मग तिनं माझं गाणं ऐकलं आणि प्रश्न विचारला, "बाबा, तुझ्या सगळ्या गाण्यांत कुणीतरी घर सोडून निघालेलं का असतं?" मी अजून उत्तर दिलेलं नाही. पण त्यानंतरच्या माझ्या चाली बदलल्या आहेत.

आता शेवटचं. तो विद्यार्थी.

गेल्या वर्षी मी धीर करून त्याचा पत्ता काढला आणि त्याला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं. ते गाणं मी शोधलं, सापडलं नाही, चाल तुझीच होती, चूक माझी होती. दोन दिवसांनी उत्तर आलं. अतिशय सभ्य. "काका, तुम्ही एवढं लक्षात ठेवलंत, बरं वाटलं. मी केव्हाच विसरलो होतो. सध्या काम खूप असतं. चाली आता करत नाही."

तो विसरला असेल तर त्यानं चाली करणं का सोडलं? की कामामुळेच सोडलं, आणि मी उगाच स्वतःला महत्त्व देतोय? मला माहीत नाही. पण त्याचा मुखडा मला आजही पाठ आहे. चोरीचा आरोप केला ते गाणं मी सात वर्षं विसरू शकलो नाही, आणि ज्यांना अंगठे दाखवले त्यातलं एकही आठवत नाही. त्या मुलाची चाल चांगली होती. तेव्हाच सांगायला हवं होतं, आणि नेमकी कुठे चांगली होती तेही.

आपण इथे मराठी जपण्याबद्दल खूप बोलतो. शाळा चालवतो, नाटकं बसवतो, जुनी गाणी गातो. ते सगळं हवंच. पण नुसतं जुनं जपलं तर भाषा कपाटात राहते. कुणीतरी नवी ओळ लिहायला हवी, कुणीतरी तिला नवी चाल लावायला हवी, आणि ती चुकली तर 'इथे शब्द मोडला' असं सांगणारं कुणीतरी दोन तास शेजारी बसायला हवं. या तिसऱ्या माणसाची टंचाई सगळ्यात मोठी आहे. त्याला गळा लागत नाही, पेटी यावी लागत नाही. फक्त दोनदा ऐकायची तयारी हवी.

थोड्याच वेळात आमचे ज्येष्ठ स्नेही इथे येऊन ते प्राजक्ताचं गाणं गाणार आहेत. काळी दोनमध्येच. माझी तुम्हाला एक विनंती आहे. टाळ्या अवश्य वाजवा, हे काही व्हिएन्ना नाही. पण नंतर दूध घेताना त्यांना गाठा आणि सांगा, तुम्हाला काय ऐकू आलं. 'छान' हा शब्द न वापरता.

आणि तुमच्यापैकी कुणाच्या वहीत, फोनमध्ये, डोक्यात एखादी चाल पडून असेल तर ती घेऊन बेसमेंटमध्ये या. न्याय मिळेल. शिवाय खिचडी आहेच.

आपणा सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.